छत्रीबाबाचा काढा

मेलेल्याला उठवून दाखवणार, असं कळल्यावर गावात घरी कोण बसतं? त्या सकाळी गावाबाहेरच्या कुरणावर पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी तिथे गायी चरत. पण हल्ली गायींना हाकलून लावलं होतं आणि त्यांच्या जागी माणसं येऊन उभी राहत होती. फरक इतकाच, की गाय तोंड लावण्याआधी हुंगून बघते.

कुरणाच्या मधोमध गवतात एक मोठं कडं उमटलं होतं. कंपासाने गिरवावं इतकं गोल. कड्यावरचं गवत गर्द हिरवं, आतल्या बाजूला मात्र टक्कल पडल्यासारखा पिवळा पट्टा, आणि हिरव्या गवतातून डोकी वर काढून ओळीने उभ्या असलेल्या फिकट तपकिरी छत्र्या. अशी भूछत्रं त्या कुरणावर आजोबा-पणजोबांच्या काळापासून उगवत होती. पण तेव्हा त्यांच्या मधोमध खुर्ची टाकून कोणी बसलेलं नव्हतं, म्हणून ती नुसती भूछत्रंच राहिली.

आता खुर्चीवर छत्रीबाबा बसले होते. पायघोळ पांढरा झगा, तेल लावून मागे बसवलेले केस आणि पाकात बुडवून काढलेला आवाज. त्यांनी तळहातावर एक वाळकी, सुरकुतलेली वस्तू धरली. जुन्या कोटाच्या बटणासारखी दिसत होती.

"काय आहे हे, बाळांनो?"

"छत्री!" गर्दी ओरडली.

"जिवंत की मेलेली?"

पोस्टमास्तर पुढे झाले. त्यांनी ती वस्तू बोटांनी दाबली, कानाशी नेऊन हलवली आणि मृत्यूच्या दाखल्यावर शिक्का मारावा तशा आवाजात जाहीर केलं, "मेलेली!"

बाबांनी ती पाण्याच्या वाडग्यात टाकली आणि डोळे मिटले. "हे विश्वकंपनांनो, या! सहाव्या थरातून निघा, सातव्या थराला वळसा घाला, पण या!" सहाव्या थरातून कंपनं यायला बराच वेळ लागायचा. वाटेत गर्दी असावी. तेवढ्या वेळात बाबा लोभ कसा वाईट हे समजावून सांगत आणि त्यांचे सेवक दानपेटी फिरवत. लोभाचं प्रवचन संपलं, पेटी भरली, आणि बाबांनी वाडग्यातून दोन बोटांनी ती वस्तू उचलली. टोपी गोल फुगलेली, देठ सरळ, रंग उजळ. कालच उगवल्यासारखी ताजी छत्री.

"उठली! उठली!"

लोक रडले. पोस्टमास्तरांनी स्वतःच दिलेला दाखला विसरून लोटांगण घातलं.

गर्दीच्या मागच्या टोकाला शाळेच्या विज्ञानाच्या बाई छत्री बगलेत धरून उभ्या होत्या. ही छत्री कापडी होती. त्यांना इथे ओढून आणणारा त्यांचा थोरला भाऊ शेजारीच टाचा उंचावून बघत होता. गावातला शिंपी होता तो. हात सोन्याचा, छाती मात्र लहानपणापासून फाटक्या भात्यासारखी. दमा त्याच्या आधी जन्मला आणि मग तो, असं त्यांची आई म्हणायची.

"बघितलंस, मास्तरीण?" दादा म्हणाला. "आता बोल."

"दादा, स्पंजसुद्धा पाण्यात टाकला की फुगतो."

"स्पंजाचं कोणी दर्शन घेत नाही."

"घेतील. मधे खुर्ची टाकून बस, घेतील."

दादा खो खो हसला आणि हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली. पुढच्या रांगेतून त्याच्या बायकोने वळून रागाने बघितलं. वहिनी बाबांची सेविका झाली होती. बाबांच्या काढ्याचं पातेलं तिच्या ताब्यात होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच चार माणसं तिला वाट करून देत होती.

घरी जाताना बाईंनी कड्यावरच्या चार छत्र्या रुमालात बांधून घेतल्या.

दिवसभर त्या दादाच्या दुकानात गरम इस्त्रीच्या शेजारी पडून होत्या. शाळा सुटल्यावर बाई आल्या तेव्हा छत्र्यांची वाळून बटणं झाली होती. बाईंनी एक पाण्याच्या पेल्यात टाकली आणि म्हणाल्या, "तुझी बाही लावून होऊ दे. कंपनांना निरोप धाडलाय."

बाही लागली, कॉलर बसली, आणि पेल्यातली छत्री टोपी उघडून तरंगायला लागली. दादाने मशीन थांबवलं. त्याने छत्री उचलून उलटी केली आणि शिंप्याच्या नजरेने तपासली.

"खाली चुण्या आहेत गं. लांब लांब घातल्यात. कापड वाचवलंय."

"तेच बघायचं. आता देठ पीळ."

दादाने देठ दोन्ही हातांच्या बोटांत धरून दोऱ्यासारखा पिळला. तुटला नाही. "सूत चांगलं आहे," तो म्हणाला.

मग बाईंनी त्याला कडं समजावून सांगितलं. खडूने कापडावर एक ठिपका काढून म्हणाल्या, इथे एकदा बी पडलं असं समज. त्याचे केसासारखे तंतू मातीत चारही बाजूंनी सारखे पसरतात. तेलाचा थेंब कापडावर पसरतो ना, तसे. दरवर्षी कडं थोडं बाहेर सरकतं. तंतू मातीतलं कुजकं खातात, त्यातून सुटणारं खत कडेच्या गवताला मिळतं, म्हणून ते हिरवंगार. आणि तंतूंची दाट जाळी पाणी मुरू देत नाही, म्हणून आतलं गवत मरतं. गायींनी चरून आखूड ठेवलेलं, शेणखताचं जुनं कुरण असलं की हे हमखास होतं. या जातीला वाळून पुन्हा भिजण्याची खोड आहे. तिचा तो स्वभाव, बाबाची करामत नव्हे.

दादाने खडूच्या वर्तुळावरून बोट फिरवलं.

"पटलं," तो म्हणाला. "पण मग महाशुद्धीचं काय? आधी बाबा स्वतः कच्च्या छत्र्या खाऊन दाखवतात, मग लोकांना काढा देतात. तो काढा पिऊन दूधवाल्याला असा घाम फुटला, की सदरा पिळून वाळत घातला त्याने. डोळ्यांतून धारा, तोंडातून लाळ. बाबा म्हणाले, रोग वितळून बाहेर पडतोय. तासाभराने दूधवाला म्हणाला, हलकं वाटतंय. हे मी या डोळ्यांनी बघितलंय. ही छत्री असं करते?"

बाईंनी पेल्यातली छत्री पुन्हा उलटी करून बघितली. ही छत्री असं करत नव्हती. ही खाल्ली तर पोट भरेल, याहून जास्त काही नाही.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "शोधते. पण तोवर तू तो काढा प्यायचा नाहीस. शब्द दे."

"दिला. पण एक सांगू? श्वास लागतो तेव्हा माणूस काठावरचं गवतसुद्धा धरतो. तुला नाही कळायचं."

दुसऱ्या दिवशी बाई एकट्याच कुरणावर गेल्या आणि वाकून वाकून सगळं कडं फिरल्या. उताराच्या बाजूला त्यांना दुसरं कडं सापडलं. पहिल्यात अर्धं घुसलेलं, लहान. त्यावरच्या छत्र्या दुरून तशाच दिसत होत्या. त्याच उंचीच्या, त्याच गवतात, तपकिरींच्या खांद्याला खांदा लावून. जवळून मात्र वेगळ्या. रंग पांढुरका, वर पीठ भुरभुरल्यासारखा थर, टोपी मधे खोलगट. बाईंनी एक उलटी केली. चुण्या दाट, एकीला एक चिकटून, आणि देठावरून खाली उतरलेल्या. देठ पिळला. कट्‌कन तुटला.

आणखी एक गोष्ट त्यांच्या डोळ्यांत भरली. त्या जागी चाकूने कापलेले कितीतरी देठ शिल्लक होते. सगळे पांढरे. शेजारची एकही तपकिरी छत्री कोणी कापली नव्हती.

डॉक्टर गावातल्या एकुलत्या एक दवाखान्यात गेली कित्येक वर्षं गावाला शिव्या देत औषधं देत होते. अंगाने आडवे, जिभेने तिखट. बाईंनी टेबलावर दोन्ही छत्र्या ठेवल्या आणि दूधवाल्याची हकीकत सांगितली. डॉक्टर खुर्चीत सरळ झाले.

"तरीच! त्याची बायको डोळ्यांचं औषध मागायला आली होती. नवऱ्याला सगळं अंधुक दिसतंय म्हणे. मी जाऊन बघितलं तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या! काय खाल्लं म्हणून विचारलं तर दोघंही तोंडाला कुलूप लावून बसली." त्यांनी कपाटावरचं जाडजूड पुस्तक खाली ओढलं आणि पानं उलटून एका जागी बोट ठेवलं. "घाम, लाळ, अश्रू. नाडी मंद. हे विष मस्करीन. नावात मस्करी आहे, गुणात नाही."

"उकळलं तर जातं?"

"उकळलं, वाळवलं, तळलं, तरी तसंच राहतं. धडधाकट माणसाने थोडं घेतलं तर घामाघूम होऊन सुटतो. त्याला वाटतं, रोग गेला. रोग जाईल कशाने? विष गेलं म्हणून बरं वाटतं."

"आणि उतारा?"

"अ‍ॅट्रोपिन. साधं इंजेक्शन. पडलंय कपाटात."

"डॉक्टर, दमा असलेल्या माणसाने प्यायलं तर?"

पानं उलटणारा हात थांबला. "श्वासनळ्या आवळतात, छातीत पाणी सुटल्यासारखं होतं. घोटभरसुद्धा नको. का? तुमचा दादा जाणार आहे की काय?"

"नाही. त्याने शब्द दिलाय."

शब्द शिंप्याने दिला होता. पण त्या रात्री त्याला जोराची धाप लागली, आणि धापेच्या माणसाला शब्द पाळायला श्वास कुठून आणायचा? वहिनीने उशाशी बसून त्याची पाठ चोळली. "माझ्यासाठी चला," ती म्हणाली. "एकदाच." तिचं नवऱ्यावर प्रेम होतं. हे नीट लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे जे झालं ते तिने प्रेमानेच केलं.

सकाळी बाई दुकानात गेल्या तर दाराला कुलूप. शेजारच्या लोहाराने कुरणाकडे बोट दाखवलं. बाई तशाच धावत दवाखान्यात गेल्या, आणि डॉक्टर आयुष्यात पहिल्यांदा धावले.

कुरणावर महाशुद्धी रंगात आली होती. कड्याच्या आत दहा-बारा माणसं ओळीने बसली होती आणि सगळी घामाने निथळत होती. त्यांच्यात दादा होता. विज्ञानाच्या बाईंचा सख्खा भाऊ चालत आला, यापेक्षा मोठी जाहिरात बाबांना कोणती मिळणार? त्यांनी त्याला सर्वांत पुढे बसवलं होतं आणि वहिनीला म्हणाले होते, "याला भरून दे, मुली. याच्या घरात शंकेचा रोग आहे. दोन वाडगे दे." वहिनीने दोन्ही वाडगे काठोकाठ भरून स्वतःच्या हाताने त्याच्या ओठांना लावले होते.

दादाच्या तोंडातून लाळेची तार लोंबत होती. डोळे वाहत होते. छातीतून असा आवाज येत होता, जणू कोणीतरी ओलं कापड फाडतंय. तो हाताने काहीतरी खुणावत होता. गर्दी टाळ्या वाजवत होती.

"निघाला! रोग निघाला!"

"दादा!" बाई धावल्या. पण सेवकांनी हातांत हात गुंफून कड्यावर साखळी धरली होती. शुद्धी चालू असताना कडं ओलांडायचं नाही, असा नियम होता.

"सोडा! मी डॉक्टर आहे! तो मरतोय!" डॉक्टर ओरडले.

"आजार जाताना भांडतो, बाळांनो," खुर्चीवरून पाकातला आवाज आला. "आजाराचे वकीलही येतात. त्यांना आत येऊ देऊ नका."

बाईंच्या समोर साखळीत वहिनी होती. बाईंनी तिचे खांदे धरून हलवले. "वहिनी, ते विष आहे! त्याला श्वास घेता येत नाहीये! बघ तरी!"

"वन्सं, पाया पडते, थोडा वेळ थांबा," वहिनी म्हणाली. तिच्या डोळ्यांत आनंदाचं पाणी होतं. "इतकं कधीच निघालं नव्हतं हो. सगळं निघतंय त्यांचं."

तिने हात सोडला नाही. डॉक्टरांना दोन तगड्या सेवकांनी मागून कवटाळलं. त्यांच्या हातातली बॅग गवतात पडली. दादा एका कुशीवर झुकला, उताणा झाला, त्याच्या टाचांनी थोडी माती उकरली. टाळ्या हळूहळू विरळ झाल्या, आणि पूर्ण थांबल्या तेव्हा साखळीही आपोआप सुटली. डॉक्टर आत पोचले. त्यांनी इंजेक्शन भरलंसुद्धा. मग नाडी बघून ते तसंच हातात धरून बसून राहिले.

 बाबांचा चेहरा क्षणभर उतरला. पण धंद्यातला माणूस होता, लगेच सावरला.

"याने परवा दुकानात बसून छत्रीची चेष्टा केली," ते खिन्नपणे म्हणाले. वहिनीनेच ते भक्तिभावाने त्यांच्या कानावर घातलं होतं. "बहिणीने त्याची श्रद्धा कुरतडली. कुरतडलेल्या भांड्यात अमृत ओतलं तर त्याचं विष होतं. मी काय करू?"

गर्दीने सुटकेचा निःश्वास टाकला. कारण सापडलं होतं, आणि ते आपण नव्हतो.

प्रेतावर कोसळलेली वहिनी उठली आणि बाईंच्या समोर येऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत तिने नणंदेला कधी एकेरी हाक मारली नव्हती. "तू मारलंस त्यांना," ती म्हणाली. "तू आणि तुझ्या पुस्तकाने."

डॉक्टरांनी शवविच्छेदनाचा आग्रह धरला. वहिनी नको म्हणाली, फौजदारांनीही दम्याचा माणूस दम्याने गेला म्हणून हात झटकले. फौजदारांचा दुखरा गुडघा बाबांच्या उपचाराखाली होता, आणि गुडघ्याविरुद्ध जाणारा माणूस विरळा. डॉक्टरांनी वरच्या कचेरीकडे तक्रार केली. कचेरीने पोच दिली. दरम्यान बाईंच्या वर्गातली बाकं रिकामी व्हायला लागली. बाजारात बायका त्यांना वाट करून देऊ लागल्या. वहिनीला वाट देत तशी नव्हे.

बाबांनी मात्र पुढची महाशुद्धी जाहीर केली.

त्या दिवशी बाई कुरणावर आल्या. पांढरी साडी, मान खाली, हातात कापडाने झाकलेली टोपली. मागे डॉक्टर, बॅग घेऊन. गर्दीत समाधानाची कुजबुज पसरली. माज उतरलेलं माणूस बघायला लोकांना आवडतं.

"बाबा, मी चुकले," बाई म्हणाल्या. "प्रायश्चित्त घ्यायला आले."

"येऊ द्या पापिणीला," बाबा विरघळले. "माझ्या दारात क्षमा आहे."

"दर शुद्धीआधी तुम्ही स्वतः कच्च्या छत्र्या खाऊन दाखवता. 'आधी मी, मग तुम्ही' म्हणता. आज माझ्या टोपलीतल्या खा. कड्यावरून मी स्वतः वेचल्यात. तुम्ही खाल्ल्यात की मी सगळ्यांसमोर तुमच्या पाया पडेन."

बाबांनी हसून कापड बाजूला केलं. टोपली छत्र्यांनी भरलेली होती. पांढऱ्या, तपकिरी, सगळ्या एकत्र कालवलेल्या. बाबांचं हसू ओठांवर तसंच राहिलं, पण त्यांनी लगेच हात घातला नाही.

"बाबा, खा ना!" पोस्टमास्तर म्हणाले.

बाबांनी टोपली मांडीवर घेतली. तोंडाने कंपनं चालू केली, सहाव्या थरातून, सातव्या थरातून. पण बोटं दुसरंच काम करत होती. एक छत्री उचलली, उलटी केली, अंगठ्याने देठ पिळला, बाजूला ठेवली. दुसरी उचलली, पिळली, तोंडात टाकली. तिसरी बाजूला. चौथी बाजूला. पाचवी तोंडात. बाजारात अळंबी विकणारा जसा सराईतपणे माल निवडतो, तशी. तोंड विश्वाशी बोलत होतं, बोटं मात्र खरं बोलत होती.

"थांबा," बाई म्हणाल्या. आता त्यांची मान खाली नव्हती. "लोक हो, बाबांच्या हाताकडे बघा. खाल्ल्या त्या सगळ्या तपकिरी. बाजूला टाकल्या त्या सगळ्या पांढऱ्या. बाबा, एकाच कड्यावरचं अमृत ना? मग पांढरी का नको?"

"त्या… अजून सिद्ध झालेल्या नाहीत."

"मग काढ्यात कुठल्या घालता?"

"सिद्ध झालेल्याच!"

"वहिनी," बाई वळल्या. "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. तू दादाच्या दुकानात इतकी वर्षं काजं-बटणं केलीस, चुण्या तुला कळतात. बाबांनी टाकलेली एक छत्री उलटी करून बघ. मग तुझ्या पातेल्यात बघ."

वहिनी जागची हलली नाही. मग हळूहळू आली. तिने टाकलेली छत्री उचलून उलटी केली. दाट चुण्या, देठावर उतरलेल्या. ती पातेल्यापाशी गेली आणि पळीने तळ ढवळून वर काढला. हे पातेलं तिने कित्येकदा ढवळलं होतं, पण बाबा पिशवीतून आणून ओतत त्यात काय असतं, हे तिने कधी बघितलं नव्हतं. सेवेत बघायचं नसतं. आता तिने एकेक छत्री पळीतून उचलून उलटी केली. दाट. दाट. दाट.

"ह्याच आहेत," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "सगळ्या ह्याच आहेत. हे खात नाहीत त्याच."

तिने वाडगा भरला आणि बाबांसमोर धरला. "प्या."

"मुली, माझं शरीर शुद्धच आहे…"

कोणीतरी हसलं. त्या कुरणावर बाबांना हसलेला तो पहिला माणूस. दुसऱ्या क्षणी दूधवाल्याने बाबांचे हात मागे धरले, पोस्टमास्तरांनी नाक दाबलं, आणि वहिनीने वाडगा ओठांना लावला. अगदी तशीच ओतत होती, जशी नवऱ्याला पाजताना.

बाईंनी लगेच अडवलं नाही. एक घोट गेला, दुसरा गेला. तिसऱ्याला त्यांच्या तोंडून "पुरे!" निघालं आणि त्यांनी वाडगा उडवला. पण दोन घोट गेले ते गेले.

बाबांनी आधी सगळ्यांना शाप दिले. मग घशात बोटं घातली. मग झगा काखेत काळा पडायला लागला. कपाळावरून, मानेवरून, नाकाच्या शेंड्यावरून घाम गळू लागला. डोळे वाहू लागले, लाळ दाढीत उतरली. दर शुद्धीला ज्याच्यावर टाळ्या पडत, तेच सगळं. आज टाळी कोणी वाजवली नाही.

"इंजेक्शन!" बाबा गवतात कोसळून किंचाळले. पाक केव्हाच वाहून गेला होता, आवाज नुसता घोगरा उरला होता. "डॉक्टर, इंजेक्शन द्या! त्याच्यावर इंजेक्शन असतं!"

डॉक्टर त्यांच्यावर वाकले. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"मी… शहरात अळंबी विकायचो… एका गिऱ्हाईकाला चुकून पांढरी गेली… दवाखान्यात दिलं, बरा झाला… द्या हो, पाया पडतो!"

म्हणजे त्याला माहीत होतं. शिंपी टाचा घासत होता तेव्हा खुर्चीवर बसलेल्या या माणसाला माहीत होतं, की उतारा गवतात पडलेल्या बॅगेत आहे. बाईंनी हे ऐकलं. डॉक्टरांनीही ऐकलं, आणि भरलेली सुई घेऊन ते क्षणभर तसेच थांबले. बाबा त्या सुईकडे कुत्र्यासारखे बघत होते.

"द्या, डॉक्टर," बाई म्हणाल्या.

सुई टोचली गेली. थोड्याच वेळात घाम ओसरला. छातीतली घरघर कमी झाली. बाबा उठून बसले आणि झग्याच्या बाहीने तोंड पुसू लागले. नुसता एक घामट, घाबरलेला, मध्यमवयीन माणूस.

 फौजदार लंगडत पुढे आले आणि त्यांनी बाबांचा दंड धरला. गुडघा अजून दुखत होता, हे त्यांना आत्ता कबूल करता आलं.

बाई गर्दीकडे वळल्या. त्यांना मोठं भाषण करता येत नव्हतं. वर्गात बोलत तशा बोलल्या.

"हे इंजेक्शन द्यायला डॉक्टरांनी कंपनं बोलावली नाहीत. याची श्रद्धा आहे का, असं विचारलं नाही. चोराला दिलं तरी लागू पडलं, कारण ते औषध आहे. जे नुसत्या श्रद्धेवर चालतं आणि चाललं नाही तर तुमच्या श्रद्धेला दोष देतं, ते औषध नव्हे. माझ्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. कोणीही काही प्यायला दिलं, तर विचारा. यात काय आहे? कुठून आणलं? तुम्ही पिता का? जो चिडेल, त्याच्या हातचं पिऊ नका. विचारायला काही लागत नाही. फक्त विचारायचं असतं."

लोक माना खाली घालून ऐकत होते. मग पहिला प्रश्न आला. तो वहिनीने विचारला. ती अजून पातेल्याशेजारी उभी होती.

"वन्सं, त्या दिवशी मी हात सोडला असता, डॉक्टरांना आत जाऊ दिलं असतं, तर हे वाचले असते?"

सगळी गर्दी बाईंकडे बघू लागली. डॉक्टरांनी हळूच मान हलवून त्यांना खुणावलं, नका सांगू. एक खोटा शब्द पुरला असता. एवढ्याशा खोट्याने वहिनीला उरलेल्या आयुष्यात रात्री झोप लागली असती, आणि गाव बाईंना दयाळू म्हणालं असतं. पण आत्ताच त्यांनी सगळ्यांना विचारा म्हणून सांगितलं होतं, आणि विचारणाऱ्याला खोटं उत्तर द्यायचं तर त्या खुर्चीवर कोणीही बसलं तरी काय फरक पडतो?

"हो वहिनी," बाई म्हणाल्या. "वाचला असता."